वास आला की खिडकी लाव

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक काचेचं कपाट आहे. त्यात डोळ्यांवर लावायचे सुरक्षा चष्मे आहेत. जाड, पारदर्शक, रबरी पट्टीचे, आणि अजूनही आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीतच. एमआयडीसीतल्या एका कंपनीने सुरक्षा सप्ताहात ते शाळेला भेट दिले. शाल-नारळ झालं, फोटो झाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच संध्याकाळी कपाटाला कुलूप लागलं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. प्रयोगाच्या तासाआधी किल्ली मागायला गेले की ठरलेलं उत्तर मिळायचं, "मॅडम, मुलं ओरखडे पाडतात हो. उद्या तपासणीला कोणी आलं तर दाखवायचं काय?"

म्हणजे चष्मे मुलांसाठी नाहीत, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी आहेत. हे मी त्यांना तोंडावर म्हणाले होते. माझं तोंड फटकळ आहे हे माहेरी, सासरी आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. पालघरहून रोज येतात, वेळेवर येतात, मुलांवर हात उगारत नाहीत. पण वस्तूला कुलूप लावलं की ती सुरक्षित झाली, आणि वस्तू सुरक्षित झाली की माणसंही झालीच, असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत आहे.

प्रयोगशाळेला पूर्वी चार खिडक्या होत्या. चारही कारखान्यांच्या बाजूला उघडणाऱ्या. वारा तिकडून फिरला की वर्गात वास यायचा, मुलं खोकायची, म्हणून संस्थेने एका दिवाळीच्या सुट्टीत दोन खिडक्यांवर प्लायवूड ठोकून टाकलं. उरलेल्या दोन सरकत्या काचांच्या. मी एक्झॉस्ट पंखा मागितला. वर्षभर मागितला. शेवटी मुख्याध्यापकांनी मला बसवून समजावलं, "मॅडम, पंखा लावला की बाहेरचा सगळा वास आत येणार."

"अहो सर, एक्झॉस्ट आतली हवा बाहेर टाकतो."

"हो, पण भिंतीला भोक तर पडणारच ना?"

मी कपाळाला हात लावला आणि तासाला निघून गेले. प्रयोगशाळेत शिरताना कोपऱ्यातली लाल बादली पाहिली. आग विझवायला त्यात वाळू असायला हवी. वाळू नव्हती. संस्थेचे अध्यक्ष येणार म्हणून फाटकासमोरचा खड्डा बुजवायला ती नेली होती. अध्यक्षांच्या गाडीला धक्का बसू नये हीही सुरक्षाच म्हणायची.

इथल्या वासाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कराडकडची. लग्न होऊन बोईसरला आले, कारण नवरा इथे एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी चहा ठेवला होता आणि घरात कुजलेल्या अंड्यासारखा वास भरला. मला वाटलं गॅस गळतोय. मी घाबरून सगळ्या खिडक्या उघडल्या, दारही उघडं टाकलं. शेजारच्या काकू धावत आल्या आणि माझ्या हातातून खिडकीची कडी ओढून घेत म्हणाल्या, "अगं वेडे, वास आला की खिडकी लावायची! उघडतेस काय?" त्यांनी मला सगळं शिकवलं. आधी खिडक्या. मग मोरीतला टॉवेल ओला करून दाराच्या फटीला. मग ओला रुमाल नाकाला. मग फोन करून विचारायचं, तुमच्याकडे आहे का. नवीन सुनेला कुलाचार सांगावा तितक्या मायेने सांगितलं त्यांनी, आणि मीही तितक्याच भक्तीने शिकले.

आता तर सोसायटीच्या ग्रुपवरच येतं. "आज कसला आहे?" "नेलपॉलिशचा." "आमच्या बिल्डिंगला लसणाचा." खाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं आणि विषय संपतो. तक्रार करणारे करतात. अधिकारी येतात तोवर वारा फिरलेला असतो आणि हवा अगदी सात्त्विक झालेली असते. मग ते हवा हुंगून परत जातात. आम्ही खिडक्या उघडतो. पुढच्या वेळी पुन्हा लावतो. अख्ख्या गावाला एवढी एकच गोष्ट नीट शिकवली गेली आहे आणि ती लेकरांच्या अंगात इतकी मुरली आहे की त्यासाठी विचार करावा लागत नाही.

आमची मुलं तर वासांचा खेळ खेळतात. मधल्या सुट्टीत डबा उघडताना एकमेकांना विचारतात, सांग कुठला. या खेळात आठवीतली एक मुलगी कायम जिंकायची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या आईचं माहेर सातपाटीचं. आई बोईसरच्या बाजारात मासे विकते, वडील एका कारखान्यात ठेक्यावर ड्रम धुतात, आणि तिघं औद्योगिक वसाहतीच्या अगदी कुंपणाला लागून असलेल्या चाळीत राहतात. त्यामुळे वास सगळ्यात आधी तिच्या घरी पोचतो. तिला दमा आहे. दप्तरात पंप असतो. आणि असं असूनही, किंवा असं असल्यामुळेच असेल, तिला माझ्या तासाचं वेड होतं. प्रयोग म्हटलं की ही पुढे. तिला कोणत्याही वस्तूचा आधी वास घ्यायचा असे. बाटली उघडली की नाक आत. किती वेळा ओरडले असेन मी तिच्यावर. बाटली लांब धरायची, हाताने वारा घालून वास नाकापर्यंत आणायचा, हे तिला शिकवायला मला एक अख्खं सत्र लागलं. शिकली मात्र पक्की. नंतर घरी भाजीच्या पातेल्याचाही तसाच वास घेते अशी तिच्या आईनेच माझ्याकडे तक्रार केली.

त्या दिवशी आठवीला गंधक जाळून दाखवायचं होतं. चमच्यात चिमूटभर गंधक, स्पिरिटच्या दिव्यावर पेटवायचं, निळी ज्योत दिसली की चमचा वायुपात्रात सोडायचा, वर झाकण, आत ओला लिटमस. निळ्याचा लाल होतो. पुस्तकात आहे आणि दरवर्षी मी करते. तासाआधी दोन्ही खिडक्या मी स्वतः उघडल्या होत्या. ती दमेकरी म्हणून तिला मी खिडकीजवळ, माझ्यापासून सगळ्यात लांब बसवलं होतं. जमेल तेवढी काळजी घेतली होती.

लांब दांड्याचा तो चमचा शाळेइतकाच जुना. वाटी दांड्यापासून सुटायला आली होती आणि नवा मागितला तर तारेने आवळून मिळाला होता. गंधक पेटलं, मी चमचा उचलला आणि वाटी निखळून ओट्यावर पडली. पेटलेलं गंधक ओट्याच्या फरशीवर पसरलं. निळी, दिसायला अगदी निरुपद्रवी ज्योत, आणि घसा कापत जाणारा धूर. माझा हात बादलीकडे गेला. वाळू फाटकात होती. मी ओरडले, "बाहेर! सगळे बाहेर!" आणि फळ्याचं फडकं नळाखाली धरलं. नळाला पाणी येत होतं, हे त्या दिवसाचं नशीब.

मुलं दाराकडे पळाली. पण सगळी नाही. मागच्या बाकांवरची तीन-चार मुलं खिडक्यांकडे पळाली आणि सरकन काचा ओढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. वास आला होता ना! मी आगीवर फडकं टाकलं, वर वळले तेव्हा दोन्ही खिडक्या बंद होत्या आणि खोलीत धूर कोंडला होता. मुलांना ढकलत मी बाहेर काढलं. व्हरांड्यात येऊन सगळी वाकून खोकत होती. कोणाच्या डोळ्यांतून पाणी, कोणाच्या नाकातून. मी एकेकाचं तोंड बघत होते. ती दिसेना.

आत गेले तेव्हा ती खिडकीपाशी होती. नळाखाली भिजवलेली ओढणी ती काचेच्या खालच्या फटीत बोटांनी दाबून दाबून भरत होती. घरी भरतात तशीच, नीट, कोपऱ्यापर्यंत. तिच्या छातीची शिट्टी मला दारापासून ऐकू येत होती. मला बघून तिने हात हलवला. बाहेर जा, दार लाव, असं ती मलाच सांगत होती.

तिला मी उचलूनच आणलं. फाटकावरच्या रखवालदाराने रिक्षा अडवली, "मैडम, बैठिए, मैं पकड़ता हूँ बच्ची को," म्हणत तोही सोबत आला. दवाखान्यात तिला औषधाच्या वाफेच्या मशीनवर बसवलं, मग ऑक्सिजन लावला. ओठांचा रंग परत यायला दुपार गेली. डॉक्टर म्हणाले थोडा आणखी वेळ आत राहिली असती तर कठीण होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडले. भीतीने कमी आणि संतापाने जास्त. आमच्या शाळेत एका पोरीने जीव घालवत आणला होता आणि तसं करताना ती अत्यंत शिस्तीने, गावाने शिकवलेलं सगळं क्रमाने करत होती.

तिची आई मासळीची टोपली शेजारणीकडे टाकून आली. हातांना बोंबलांचा वास होता. तिने लेकीच्या कपाळावरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, खिडकी लावली म्हनून झालं ना हे? वास आला का खिडकी लाव, हे मीच शिकवलंय तिला. ती एवढीशी होती तवापासून. मग आमी दुसरं काय करनार होतो?"

मलाही तेच शिकवलं होतं.

शाळेत मात्र भलतंच शिजत होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप. मुख्याध्यापक म्हणाले, यापुढे प्रयोग पडद्यावर दाखवा, आपल्याकडे प्रोजेक्टर आहे, त्यातून धूर येत नाही. हा विनोद नव्हता, ते गंभीर होते. मी विचारलं, चमचा कोणी तारेने बांधला, वाळू कोणी नेली, खिडक्या कोणी ठोकल्या. ते म्हणाले, "मॅडम, आता मागचं उकरून काय उपयोग?" आणि लगेच मागचंच उकरून म्हणाले, "मुलीला दमा होता हे पालकांनी शाळेला कळवायला हवं होतं." ती पाचवीपासून पंप घेऊन शाळेत येत होती. चार वर्षांत मुख्याध्यापकांना तो दिसला नाही, कारण तपासणीला येणारा कोणी साहेब पंप बघायला मागत नाही.

मग अध्यक्ष आले. खड्डा बुजवलेला होता, गाडी आरामात आत आली. अध्यक्षांचे स्वतःचे वसाहतीत कारखान्यांचे दोन प्लॉट आहेत, त्यांना सुरक्षेवर बोलायला आवडतं. दर सुरक्षा सप्ताहात आमच्या मुलांकडून ते घोषवाक्यं लिहून घेतात आणि उत्तम घोषवाक्याला कंपास पेटी देतात. त्यांनी स्टाफरूममध्ये आम्हाला उभं करून सांगितलं, की बाईंनी बाहेर जा म्हटल्यावर एक मुलगी आत राहते, वर खिडकी लावते, हा सरळसरळ शिस्तभंग आहे. बाकीच्या मुलांना धडा मिळाला पाहिजे. ती मुलगी बरी होऊन आली की तिने परिपाठाला सगळ्या शाळेसमोर माइकवर माफी मागायची. माझ्यामुळे प्रयोगशाळा बंद झाली, असं म्हणायचं. तोवर तिने वर्गात बसायचं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "अध्यक्ष साहेब, खिडकी लावायची सवय तिला कोणामुळे लागली?" स्टाफरूममध्ये एकदम सगळ्यांना वह्या तपासायच्या आठवल्या. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मॅडम भावनिक झाल्या आहेत. स्वाभाविक आहे." एखाद्या बाईला गप्प करायचं हे हुकमी वाक्य. भावनिक! त्या खोलीत फक्त मी सरळ प्रश्न विचारला होता.

घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा पाळी संपवून आलेला, ताटातला भात अजून घशाखाली उतरला नव्हता. तो म्हणाला, "आमच्याकडे अलार्म झाला की आम्ही आधी शेडवरची पिशवी बघतो." कंपन्यांच्या छपरावर नारिंगी-पांढऱ्या कापडाची एक लांब पिशवी लावतात, वाऱ्याने फुगते, वारा कुठे चाललाय ते कळतं. त्याच्या आडव्या दिशेने पळायचं, हे कामगारांना दर महिन्याला घोकून घेतात. मी विचारलं, "आणि भिंतीबाहेर राहणाऱ्यांनी?" तो म्हणाला, "त्यांच्यासाठी पिशवी कुठाय?" आणि पुन्हा भात खायला लागला. त्या दिवशी मला त्याच्या भाताचाही राग आला.

मी चाळीत गेले. ती दारातच बसून आईने निवडायला दिलेली सुकट निवडत होती. आवाज बसला होता. प्रयोगशाळा तिच्यामुळे बंद झाली हे तिच्यापर्यंत पोचलं होतं, पोरांनी तिला 'खिडकी' म्हणायला सुरुवातही केली होती. आई म्हणाली, "शाळेत येनार नाय म्हनते. माफी मागनार नाय आन् शाळेतपन येनार नाय. माज्याबरोबर बाजारात बसते म्हनते. बसव तिला, तिचा बाप म्हनतो. एक हात वाढंल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, मी नाय तिला बसवनार तिथं. तुमी सांगा काय करायचं. मागायची का माफी? दोन शब्द बोलली तर काय जातंय?"

मी त्या मुलीकडे बघितलं. तिने मान वर न करता घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाई, मी चुकले का?"

याचं उत्तर इतकं सोपं नव्हतं, म्हणून मला जास्तच चीड आली. चुकली होतीच ती. आतला वास कोंडून घेतला होता तिने. पण ती चूक ज्यांनी तिच्या अंगात भरली, त्यांच्यासमोर उभं राहून ती माफी मागणार? मी म्हणाले, "खिडकी लावायला नको होती. पण माफी तू मागायची नाहीस. तू शाळेत ये. मी तुझ्या शेजारी उभी राहते. आधी मी बोलेन, आणि माझं बोलून झाल्यावर तुला बोलायची गरज पडणार नाही." बोलून तर बसले. नोकरीचं काय होईल याचा विचार रिक्षात बसल्यावर आला. तरी एकदाही वाटलं नाही की बोलले ते चुकलं.

परिपाठाचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस होते. थंडीत इथे सकाळची हवा जड असते, धूर वर जात नाही, गावावरच बसून राहतो. मैदानावर रांगा लागल्या. प्रार्थना झाली, सुविचार झाला, दिनविशेष झाला. अध्यक्ष कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले होते, गाडी कट्ट्याला टेकवून लावलेली. तिची आई फाटकाशी उभी होती, आज टोपली आणली नव्हती. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला आणि तिचं नाव घेतलं.

ती आली. मीही तिच्याबरोबर चालत गेले. रांगांमधून कुजबुज झाली, मागून कोणीतरी "खिडकी" म्हणालं. तिने माझा पदर धरला. आठवीतली मुलगी, एरवी पदर धरायचं वय नव्हे. मी माइकपाशी पोचले आणि म्हणाले, "आधी मला दोन शब्द बोलायचे आहेत." अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. मुख्याध्यापक पुढे सरसावले, "मॅडम, आपलं नंतर, आधी मुलीला..."

तेवढ्यात वास आला.

कुजक्या लसणाचा, तिखट, डोळ्यांत जाणारा. पहिल्या रांगेतली पाचवीची मुलं आधी खोकली. मग मागे मागे सगळं मैदान. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचा पंप कुठाय ते बघितलं. तिच्या मुठीतच होता. आणि माइकसमोर उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी, मुलांवर कधी आवाज न चढवणाऱ्या माणसाने, नाकाला रुमाल लावून माइकमध्येच ओरडून सांगितलं, "वर्गात चला! सगळे वर्गात! पळा, खिडक्या लावा! खिडक्या लावून घ्या आधी!"

स्पीकरवरून ते सगळ्या गल्लीभर गेलं. खिडक्या लावा.

ती जागची हलली नाही. पंप ओढला, श्वास धरला, सोडला. मग मुख्याध्यापकांकडे बघून, तिच्या त्या बसलेल्या आवाजात तिने विचारलं, "सर, लावू?"

माइक सुरू होता. पळणारी मुलं थांबली. मुख्याध्यापकांनी रुमालाच्या वरून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "विचारतेय ती. सांगा ना सर. लावू द्यायची का तिला?" मी मुद्दाम माइकच्या जवळ जाऊन विचारलं. अध्यक्षांकडूनही उत्तर हवं होतं मला, म्हणून वळून बघितलं, तर खुर्ची रिकामी. ते गाडीत बसले होते आणि काच वर चढत होती.

"लाव, बाळा," मुख्याध्यापक म्हणाले. "लाव. पळ."

माफीचं पुन्हा कोणी काही बोललं नाही. अध्यक्षांनी नाही, मुख्याध्यापकांनी नाही. झालंच नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, या गावाला त्याची सवय आहे. माझी नोकरी राहिली. तिची शाळा राहिली, ती पहिल्या बाकावर बसायला लागली. चष्मे कपाटात आहेत. प्रयोगशाळेला अजून कुलूप आहे, आणि पालक सभेत मी दर वेळी उभी राहून कुलूप कधी काढणार ते विचारते. मुख्याध्यापक दर वेळी म्हणतात, बघू. लाल बादली मात्र आता बाहेर व्हरांड्यात आहे आणि तिच्यात वाळू आहे. ती मी एडवणच्या समुद्रावरून स्वतः पिशवीत भरून आणली, नवऱ्याला स्कूटरवर मागे बसवून. किनाऱ्यावरची वाळू अशी उचलायची नसते म्हणतात. म्हणोत. कोणी विचारायला आलंच तर मी बादली दाखवीन.

पण सांगायचं ते त्या सकाळचंच राहिलं. परिपाठ मोडला, आम्ही धावत आठवीच्या वर्गात गेलो आणि खिडक्या लावल्या. तिनेच लावल्या. फटींना ओले रुमाल लावले, दाराखाली कोणाचा तरी स्वेटर. पन्नास पोरं बंद खोलीत घामाघूम होऊन बसली. पंखा लावायचा की नाही यावर वाद झाला. तास विज्ञानाचाच होता. मी फळ्यापाशी गेले आणि ठरवलं, आज पुस्तक नाही. आज एकच नियम लिहायचा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी विचारा, वास कुठून येतोय. मग खाली दोन ओळी. बाहेरून येत असेल तर खिडकी लावा. आतून येत असेल तर खिडकी उघडा आणि बाहेर पळा.

मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मला थोडं बरं वाटलं, खोटं का सांगू. निदान एवढं तरी आता कोणी विसरणार नाही, असं वाटलं.

पहिल्या बाकावरून तिने हात वर केला. फळ्याकडे बघत होती. खोलीत एव्हाना लसणाचा वास भरलाच होता, रुमाल लावूनसुद्धा.

"बाई," ती म्हणाली, "आतपन हाय आन् बाहेरपन हाय, तर काय करायचं?"

खडू माझ्या हातात होता. वर्ग लिहायला थांबला होता. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, आणि तिसऱ्या ओळीची जागा अजून रिकामी आहे.